लांबटांगी माशी : ओळख, पंख व उपयोग

गेल्या आषाढाच्या अखेरीस मांजरा नदीच्या कांठचे आमचे एक सभासद एका कांचेच्या बाटलींत दहा-बारा माशा घालून आमच्याकडे आले. सोयाबीन तीन आठवड्यांचें झालें होतें. "प्रत्येक पानावर ह्या बसल्या आहेत. ही खोडमाशीच असणार. औषध आणून ठेवलें आहे, उद्यां पंप चालवतों. प्रमाण काय घालूं तेवढें सांगा," असें त्यांचें म्हणणें होतें. आम्हीं बाटली उजेडांत धरून पाहिली. आंतील माशा हिरव्यागार व घांसलेल्या तांब्याप्रमाणें चकाकणाऱ्या होत्या. त्यांचे पाय कोळ्यासारखे लांब व बारीक होते आणि पंखांवर तपकिरी पट्टे होते. खोडमाशीशीं त्यांचें साम्य एवढेंच, कीं दोघींसही पंख दोनच. आम्ही त्यांस म्हणालों, "अण्णा, दोन दिवस थांबा. आधीं शेत पाहूं, मग औषधाचें बोलूं."

दुसऱ्या दिवशीं त्यांच्या शेतांत पांच ठिकाणीं दहा-दहा अशीं ५० झाडें उपटून त्यांचीं खोडें चाकूनें उभीं चिरलीं. दोन झाडांत तांबूस भुयार व अळी सांपडली, ४८ झाडें स्वच्छ निघालीं. म्हणजे शेंकडा ४ झाडें लागलेलीं, आणि फवारणीची शिफारस होते ती शेंकडा १० ते १५ झाडें लागलीं म्हणजे. औषधाची बाटली फोडलेली नव्हती, ती दुकानदारानें परत घेतली. ज्या माशीवर पंप चालणार होता ती पिकाचें पान, खोड, फूल, शेंग यांपैकीं कशासही तोंड लावीत नाहीं. ती इतर बारीक किड्यांवर जगते.

हा प्रसंग कांहीं एकट्या अण्णांचा नव्हे. दरसाल मृगानंतर अशा माशांविषयीं आमच्याकडे विचारणा होते, आणि आमच्याकडे न येतां थेट पंप उचलणारे किती असतील याची गणती नाहीं. म्हणून ह्या महिन्याच्या पाठांत हिच माशी घेतली आहे. ह्या लेखांत आम्ही तिला 'लांबटांगी माशी' म्हणूं.

नांव व कुळ

सर्व खऱ्या माशा द्विपंखी वर्गांत मोडतात. टोळ, फुलपांखरूं, मधमाशी, भुंगा यांस पंखांच्या दोन जोड्या असतात. माशीस व डांसास मात्र एकच जोडी असते. मागच्या जोडीच्या जागीं त्यांस दोन लहान दांड्या असून त्यांच्या टोंकांस गोळी असते. उडतांना ह्या दांड्या पंखांबरोबर कंप पावतात व शरीराचा तोल सांभाळतात.

द्विपंखी वर्गांतील ज्या कुळांत आपली माशी येते त्याचें शास्त्रीय नांव डोलिकोपोडिडी. लात्रेई नांवाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १७९६ मध्यें ह्या माशांपैकीं एका जातिसमूहास 'डोलिकोपस' हें नांव दिलें. ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ 'लांब पायांची' असा होतो. पुढें सबंध कुळास त्यावरूनच नांव मिळालें. आजवर ह्या कुळांतील सात हजारांहून अधिक जातींचें वर्णन झालें आहे, आणि अतिथंड प्रदेश सोडले तर पृथ्वीवर बहुतेक सर्वत्र त्या आढळतात.

उष्ण प्रदेशांत, व म्हणून आपल्याकडे, पानांवर ठळकपणें दिसतात त्या ह्या कुळांतील एका शाखेच्या माशा. त्यांत 'क्रायसोसोमा' हा समूह मोठा आहे. गेराँ-मेनव्हिल यानें १८३१ मध्यें हें नांव दिलें. त्याचा अर्थ 'सुवर्णदेही', आणि ज्यानें ही माशी सकाळच्या उन्हांत पाहिली आहे त्यास नांवाचें कारण सांगावें लागणार नाहीं. आफ्रिकेपासून हिंदुस्थानमार्गें पॅसिफिक महासागरांतील बेटांपर्यंत हा समूह पसरलेला आहे. 'कॉन्डिलोस्टायलस' हा दुसरा समूह त्याचाच जवळचा नातलग होय.

शरीररचना

लांबटांगी माशी घरमाशीहून लहान व सडपातळ असते. लांबी बहुधा चार ते सहा मिलिमीटर, म्हणजे गव्हाच्या दाण्याएवढी किंवा त्याहून थोडी कमी. रंग हिरवा, निळसर हिरवा किंवा तांबूस सोनेरी, व त्यावर धातूची झांक असते. ही झांक केवळ रंगद्रव्याची नाहीं. अंगावरील कवचाच्या अतिसूक्ष्म थरांवर प्रकाश परावर्तित होऊन ती उत्पन्न होते. म्हणून माशी वळली कीं तिचा रंगही हिरव्याचा निळा व निळ्याचा तांबूस होतो. मोराच्या पिसाऱ्याचा रंग असाच कोनाकोनानें बदलतो.

डोक्याचा बहुतेक भाग दोन मोठ्या डोळ्यांनीं व्यापलेला असतो. पाय सहा, शरीराच्या मानानें फार लांब, व त्यांवर राठ केंस असतात. बसतांना ही माशी पुढच्या पायांवर छाती उंच उचलून धरते, त्यामुळें तिचें शरीर पानावर टेकलेलें न दिसतां तिरकें उभें राहिलेलें दिसतें. ह्या ऐटीवरूनच ती दुरून ओळखतां येते. पानावर ती फार वेळ एका जागीं स्थिर राहत नाहीं. चार पावलें चालते, थबकते, बाजूस सरकते, क्षणांत उडून शेजारच्या पानावर उतरते व पुन्हां पहिल्या पानावर येते. तिला हातानें पकडूं जाणाऱ्याचा हात पानावर पोंचण्यापूर्वींच पान मोकळें झालेलें असतें. दिव्याचा झोत टाकून प्रकाशचित्र घेणाऱ्यांचाही अनुभव असा, कीं झोत पडतांच ती उडते व चित्रांत मोकळें पान किंवा माशीची धूसर रेघ एवढेंच उमटतें.

तिचें तोंड पाहण्याजोगें आहे. घरमाशी आपली मऊ सोंड पदार्थावर टेकून पातळ अन्न शोषते. लांबटांगी माशीची सोंड आंखूड असून तिचे ओठ मांसल असतात. बारीक किडा सांपडला कीं ती त्यास ह्या ओठांत गुरफटून धरते, ओठांआंत दडलेल्या कठीण दांतांसारख्या अवयवांनीं चिरडते, रस शोषून घेते व उरलेलें चिपाड टाकून देते. माणसास किंवा जनावरास ती चावत नाहीं.

पंखांची विशेष घडण

ह्या माशांची खरी ओळख त्यांच्या पंखांत आहे, म्हणून हा भाग वाचकांनीं भिंग हातांत घेऊन पडताळावा अशी आमची शिफारस आहे. माशीचा पंख म्हणजे पारदर्शक पातळ पापुद्रा. त्यास आधार म्हणून शिरा असतात, जशा पानास असतात तशाच. परंतु पानाच्या शिरांचें जाळें पानापानास थोडें निराळें असतें, तर माशीच्या पंखांतील शिरांची मांडणी एका जातींत ठराविक असते. म्हणून माशी कोणत्या कुळांतील व कोणत्या समूहांतील हें ठरवितांना शास्त्रज्ञ प्रथम पंख पाहतात.

बहुतेक माशांच्या पंखांतील लांब शिरा बुडापासून टोंकाकडे जवळजवळ सरळ किंवा हलक्या वळणानें जातात. क्रायसोसोमा व तिच्या जवळच्या समूहांत मात्र मधली लांब शीर पंखाच्या शेवटच्या भागांत येऊन दुभंगते. तिची खालची फांदी फिकट असून पंखाच्या कडेकडे जाते. वरची फांदी एकदम मोठा बांक घेऊन पंखाच्या पुढच्या कडेकडे वळते व टोंकाजवळ वरच्या शिरेस भेटावयास गेल्यासारखी दिसते. पाटाचें पाणी सरळ जातां जातां दारें मोडून बाजूच्या वाफ्यांत वळवावें तसेंच हें वळण. एकदां तें भिंगाखालीं पाहिलें कीं पुढें विसरतां येत नाहीं.

दुसरा विशेष पट्ट्यांचा. कांहीं जातींचे पंख अगदीं स्वच्छ असतात, तर कांहींच्या पंखांवर आडवे तपकिरी पट्टे असून ते पुढच्या कडेस एकमेकांस मिळालेले असतात. हे पट्टे केवळ शोभेचे नसावेत असें मानण्यास आधार आहे. ह्या कुळांतील अनेक जातींत नर मादीसमोर येऊन पंख पसरतो, फडफडवितो, एक पाय उचलून दाखवितो व तिच्या भोंवतीं लहान उड्या घेतो. कांहीं नरांच्या पायांवर केंसांचे झुपके असतात, तर कांहींच्या स्पर्शिकेच्या लांब केंसाच्या टोंकास पताकेसारखा चपटा भाग असतो. इंग्लंडांत डबक्यांच्या कांठीं आढळणाऱ्या 'पोइसिलोबोथ्रस नोबिलिटॅटस' ह्या जातींत नराच्या पंखांचें टोंक पांढरें असून त्याच्या आंतील भाग काळसर असतो, व मादीपुढें तो तें टोंक चमकवितो. नुसत्या सुगंधावर किंवा आवाजावर न विसंबतां डोळ्यांस दिसेल अशा खुणेनें जोडीदार निवडणारी ही जात आहे, हें तिच्या मोठ्या डोळ्यांकडे पाहिलें म्हणजे पटतें.

पंखांची हकीगत येथेंच संपत नाहीं. हवाई बेटांत ह्याच कुळांतील 'एम्पेरॉप्टेरा' नांवाच्या माशा सांपडल्या. त्यांचे पंख आंखूड व अरुंद होत होत कांट्यासारखे उरले होते, व त्या उडूं शकत नव्हत्या. डोंगरावरच्या ओलसर जंगलांत, पडलेल्या पानांच्या थरांत त्या चालत व उड्या मारीत. अशा बेटांवर जमिनीवर शिकार करणाऱ्या मुंग्या मुळांत नव्हत्या. म्हणून पंख गमावूनही त्यांचें चाललें. पुढें माणसांच्या ये-जा करण्याबरोबर परक्या मुंग्या तेथें शिरल्या, आणि ह्या बिनपंखी माशा दिसेनाशा होण्यास त्या मुंग्या एक मोठें कारण झाल्या असें अभ्यासक मानतात. परकी कीड एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं नेणें किती महाग पडतें याचें हें उदाहरण आपणांस दूरचें वाटेल. परंतु रोपें, कलमें व बियाणें बाहेरून आणतांना आपणही हीच जोखीम पत्करतों.

आयुष्यक्रम

लांबटांगी माशीचीं अंडीं ओलसर मातींत किंवा कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यांत घातलीं जातात. त्यांतून पांढुरकी, बिनपायांची, बारीक अळी निघते. ही अळी मातींतील ओलीच्या आश्रयानें हिंडते व तिच्याहून लहान किंवा मऊ अळ्या, जंत इत्यादि खाऊन वाढते. म्हणजे हें कुटुंब बाळपणीं मातींत व मोठेपणीं पानावर शिकारच करतें. वाढ पुरी झाल्यावर अळी मातीचे कण जोडून लहानसा कोश करते. आंतील कोशावस्थेस डोक्याजवळ दोन लांब शिंगांसारख्या नळ्या असतात, व त्यांच्या द्वारें ती श्वास घेते.

ह्या नियमास अपवाद आहेत. 'थ्रिप्टिकस' समूहाच्या अळ्या शिकारी नसून बोरू, लव्हाळा व तत्सम पाणवनस्पतींचे देंठ पोखरतात. दक्षिण अमेरिकेंतील अशी एक जात जलपर्णीच्या देंठांत राहते, आणि जलपर्णीचा बंदोबस्त करण्यास तिचा उपयोग होईल काय याचा शास्त्रज्ञांनीं अभ्यास केला आहे. 'मेडेटेरा' समूहाच्या अळ्या झाडांच्या सालीखालीं राहून साल पोखरणाऱ्या भुंग्यांच्या अळ्या खातात. आपल्या शेतांतील पिकांवर ज्या हिरव्या, लांब पायांच्या माशा बसतात त्यांपासून पिकास उपद्रव नाहीं.

आयुष्यक्रमांतील महत्त्वाची गोष्ट म्हणजे ओल. अळीस ओल पाहिजे, म्हणून ही माशी पावसाळ्यांत व बागायतींत अधिक दिसते. आपल्या जिल्ह्यांत, पूर्वीच्या उस्मानाबाद व २०२३ पासून सरकारदप्तरींही धाराशिव झालेल्या ह्या मुलखांत, तेरणा, मांजरा, सीना व बोरी यांच्या कांठच्या मळ्यांत, पाटांच्या कडेस, विहिरीच्या थारोळ्याजवळच्या अळवावर, केळीच्या व उंसाच्या बांधावरील रुंद पानांवर ती शोधावी. बालाघाटाच्या माथ्यावरील हलक्या रानांत पावसाळा सरला कीं ती विरळ होते. रब्बीच्या कोरडवाहू ज्वारींत तिची फारशी गांठ पडणार नाहीं. हें आम्ही मुद्दाम सांगतों, कारण मित्रकिड्यांचें वर्णन वाचून कित्येकजण सर्व भार त्यांच्यावर टाकतात व मग निराश होतात.

आहार व तिच्यापासून होणारा उपयोग

पानावर फिरतांना ही माशी मऊ अंगाचे बारीक किडे पकडते. फुलकिडे, मावा, तुडतुड्यांचीं पिल्लें, पांढरी माशी, कोळी, चिलटें, डांस यांसारखे जीव तिच्या तोंडीं पडतात. मावा जो गोड चिकट रस पानावर सोडतो तोही ती चाटते. यांपैकीं पांढरी माशी सोयाबीनवर पिवळा मोझॅक रोग पसरविते हें वाचकांस ठाऊक आहेच.

मग ही एकटी माशी पीक राखील काय? नाहीं. ती ठराविक एकाच किडीच्या मागें लागणारी नसून मिळेल तें खाणारी आहे. तिची बरोबरी गांवच्या रामोशाशीं करावी. तो एका चोराच्या पाळतीवर नसतो, पण त्याची फेरी चालू असली म्हणजे भुरट्या चोऱ्यांस आळा बसतो. अशीच फेरी ढालकिडा, हिरवा जाळीदार पतंग, शिकारी कोळी, भक्षक ढेंकूण व नाना तऱ्हेचे गांधीलमाशीसारखे बारीक परोपजीवी किडे घालीत असतात. या सर्वांची बेरीज मोठी असते, आणि एका अविचारी फवारणीनें ही बेरीज शून्यावर येते. पिकावरील कीड मात्र थोडी उरतेच, व तिला खाणारें कोणी न राहिल्यानें ती दुप्पट वेगानें वाढते.

याचा चटका आम्हांस स्वतःस बसला आहे. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्याच मिरचीच्या वाफ्यांत फुलकिड्यांच्या भीतीनें आम्हीं आठ-आठ दिवसांनीं तेंच तें कृत्रिम पायरेथ्रॉइड औषध मारलें. फुलकिडे थोडे दिवस दबले. परंतु पानांवर ना ढालकिडा उरला, ना लांबटांगी माशी, ना कोळ्याचें जाळें. पुढल्या पंधरवड्यांत पानें खालीं वळूं लागलीं. भिंगानें पाहतां लाल-पिवळे सूक्ष्म कोळी पानांच्या पाठीवर चिकटलेले होते. अशा औषधांच्या वारंवार वापरानें कोळी वाढतात ही गोष्ट आम्हांस पुस्तकांतून माहीत होती. ती शेतांत कळली तेव्हां दोन तोडे गेलेले होते.

खोडमाशीशीं गल्लत होऊं नये म्हणून

आपल्याकडे 'खोडमाशी' हें एकच नांव दोन निराळ्या किडींस लावतात, आणि लांबटांगी माशीशीं गल्लत दोघींचीही होते. म्हणून तिघींच्या खुणा क्रमानें देतों.

पहिली, ज्वारीची खोडमाशी. शास्त्रीय नांव 'अॅथेरिगोना सोकॅटा'. ही घरमाशीचें लहान पिल्लूं वाटावी अशी करडी माशी आहे. मादीचें पोट पिवळसर असून त्यावर काळसर ठिपक्यांच्या जोड्या असतात. अंगावर धातूची झांक नसते व पाय लांब नसतात. ती कोंवळ्या ज्वारीच्या पानाच्या खालच्या बाजूस, मधल्या शिरेस समांतर, पांढरें लांबट अंडें एकेक घालते. एक ते तीन दिवसांत अळी निघून पोंग्यांत शिरते व वाढीचा कोंब कापते. पोंगा वाळतो, ओढल्यास सहज हातांत येतो व त्यास कुजका वास येतो. हीच 'पोंगेमर'. रोप उगवल्यापासून पहिला महिना हाच तिच्या हल्ल्याचा काळ होय.

दुसरी, सोयाबीनची खोडमाशी. शास्त्रीय नांव 'मेलॅनॅग्रोमायझा सोजी'. ही फक्त सुमारें दोन मिलिमीटर लांबीची, चकाकणारी काळी माशी आहे. अळी पानांतून देंठांत व देंठांतून खोडांत उतरते व आंतील गाभा खाऊन तांबूस भुयार करते. बाहेरून झाड पुष्कळ वेळां हिरवेंच दिसतें, म्हणून खोड चिरल्यावांचून निदान करूं नये.

तिसरी, आपली लांबटांगी माशी. हिरवी किंवा तांबूस सोनेरी झांक, छाती उचलून उभें राहण्याची ऐट, शरीराहून लांब दिसणारे पाय, पंखाच्या टोंकाजवळ शिरेचा मोठा बांक, व पानावर सतत चाललेली लगबग. ती पानाच्या वरच्या बाजूस उघड्यावर हिंडते व पानावर अंडीं घालीत नाहीं.

आणखी एक हिरवी माशी आहे, ती मेलेल्या जनावरावर व जखमांवर बसते. ती घरमाशीएवढी किंवा मोठी, जाड अंगाची असते व तिचे पाय आंखूड असतात. तिला व लांबटांगीस एक समजूं नये.

सारांश असा. काळी व फार बारीक माशी दिसली तर सोयाबीनचें खोड चिरून पाहावें. करडी माशी दिसली तर ज्वारीचें पान उलटून अंडें शोधावें. हिरवी व उंच पायांची दिसली तर तिला आपलें काम करूं द्यावें.

काय करावें

पहिली गोष्ट, पेरणीची वेळ. रब्बी ज्वारी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या मुदतींत पेरावी, मग वाण मोहोळच्या केंद्रांतून निवडून निघालेली मालदांडी ३५-१ असो वा दुसरा कोणताही. खोडमाशी आधीं पेरलेल्या रानांत वाढते व मग उशिरा पेरलेल्या कोंवळ्या रानांत एकवटून उतरते. म्हणून एका शिवारांतील सर्वांनीं मागेंपुढें न करितां एकाच सुमारास पेरणें हाही एक उपाय आहे, व त्यास पैसा लागत नाहीं. कांहीं रोपें मरणार हें धरून बी थोडें जास्त पेरावें व विरळणीच्या वेळीं पोंगेमर झालेलीं रोपें उपटून नष्ट करावीं.

दुसरी गोष्ट, बीजप्रक्रिया. ज्या रानांत दरसाल खोडमाशी येते तेथें पेरणीपूर्वीं बियाण्यास शिफारस केलेलें औषध चोळावें. औषध बियाण्यावर राहिल्यानें पानावर फिरणाऱ्या मित्रकिड्यांस फवाऱ्याइतका धोका पोंचत नाहीं. औषधाचें नांव व प्रमाण परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठाच्या चालू शिफारशीप्रमाणें, किंवा तुळजापूरच्या कृषि विज्ञान केंद्रांत विचारून ठरवावें. गेल्या वर्षाच्या कागदावर किंवा शेजाऱ्याच्या ऐकीव सांगण्यावर विसंबूं नये.

तिसरी गोष्ट, मोजल्यावांचून फवारणी नाहीं. ज्वारींत शेंकडा १० पोंगे मेल्यावर व सोयाबीनमध्यें शेंकडा १० ते १५ झाडें लागल्यावर औषधाचा विचार करावा. त्याखालीं औषधाचा खर्च नुकसानीहून मोठा होण्याचा संभव असतो.

चौथी गोष्ट, ओल व आसरा. उंसाचें पाचट जाळूं नये, सरींत पसरावें. पाचटाखालीं ओल टिकते, जमिनीस सेंद्रिय खत मिळतें व लांबटांगी माशीसारख्या शिकारी किड्यांच्या अळ्यांस घर मिळतें. बांध खरवडून बोडके करूं नयेत. पाटाच्या कडेचें गवत तणनाशकानें सरसकट जाळूं नये, बी धरण्यापूर्वीं विळ्यानें कापावें.

अभ्यासाकरितां

वाचकांनीं, विशेषतः शाळेंत जाणारीं मुलें घरीं असलेल्या वाचकांनीं, पुढील काम येत्या पावसाळ्यांत करून पाहावें. सकाळीं दंव वाळल्यावर शेतांत जावें. चार कोपऱ्यांत व मध्यें अशा पांच जागा धराव्या. प्रत्येक जागीं दहा झाडें निवडून, आपली सावली पानांवर पडणार नाहीं अशा बेतानें उभें राहून, त्यांवर लांबटांगी माशा किती, ढालकिडे किती, कोळी किती हें वहींत मांडावें. मग त्याच दहा झाडांवरील मावा, पांढरी माशी व तुडतुडे मोजावे, व शेवटीं लागलेलीं झाडें मोजावीं. आठवड्यांतून एकदां याप्रमाणें सहा आठवडे करावें. वही जवळ असली म्हणजे "फार माशा झाल्या" असें न म्हणतां "पन्नास झाडांवर अमुक" असें म्हणतां येतें, आणि दुकानांत गेल्यावर आपण काय घ्यावयाचें हें दुकानदारानें न ठरवितां आपणच ठरवितों.

माशी जवळून पाहावयाची असल्यास रुंद तोंडाचा कांचेचा पेला पानावर हलकेच उपडा घालावा व खालून जाड कागद सरकवावा. पेला सावलींत पांच मिनिटें ठेवला म्हणजे ती शांत बसते. दहापट मोठें दाखविणाऱ्या भिंगानें पंख पाहून शिरेचा बांक वहींत काढावा व माशी सोडून द्यावी.

अण्णांच्या शेताची पुढील हकीगत वाचक विचारतील. आम्हीं त्यांच्याकडे आणखी दोन वेळां जाऊन खोडें चिरलीं. लागलेल्या झाडांचें प्रमाण फवारणीच्या मर्यादेपर्यंत पोंचलें नाहीं. पीक वांचलें तें ह्या माशीमुळें, असें आम्ही म्हणणार नाहीं. पावसाची उघडीप, वेळेवरची पेरणी व इतर अनेक कारणें त्यांत होतीं. परंतु औषधाचे पैसे, मजुरी व दोन दिवसांचे श्रम वांचले ते मात्र तिची ओळख पटल्यामुळें. सुगीनंतर भेटले तेव्हां ते म्हणाले, "आतां पंपाआधीं चाकू काढतों." ह्या पाठाचें तात्पर्य याहून थोडक्यांत आम्हांस सांगतां येणार नाहीं.